स्टिलवॉटर (मिनेसोटा): लाकडाच्या पैशांतून उभे राहिलेले वाडे आणि सेंट क्रॉय नदीचा परिसर

ओसरी
सप्टेंबरच्या अखेरीस सासू-सासरे सांगलीहून आमच्याकडे सेंट पॉलला येत आहेत. मॉल, झू आणि मिसिसिपीचे उगमस्थान ही ठरलेली ठिकाणे मागच्या खेपेस झाली आहेत. या वेळी स्टिलवॉटरला जाऊन जुनी घरे पाहावीत, असा विचार आहे. सासूबाई निवृत्त इतिहास-शिक्षिका आहेत, त्यामुळे नुसत्या सुंदर इमारतीसमोर उभे करून त्यांचे समाधान होत नाही. ती कोणी बांधली, कशाच्या पैशांतून बांधली, हे त्यांना हवे असते. सासऱ्यांची आयुष्यभर इमारती लाकडाची वखार होती, म्हणून लाकूडधंद्याचे गाव त्यांनाही आवडेल असे वाटते. मात्र त्यांचे गुडघे दुखतात आणि गाव डोंगरउतारावर आहे असे ऐकले आहे. आम्ही आजवर तिथे फक्त नदीकाठी फिरून आणि आइस्क्रीम खाऊन परतलो आहोत. आतून पाहता येतील अशी घरे कोणती, एक दिवस पुरतो का आणि जवळपास निसर्गात काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

सुतारपक्षी
एक दिवस पुरतो, पण क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण गाडी मेन स्ट्रीटवर लावतात, दुकाने पाहतात, वेळ उरला तर टेकडीवरचे दोन-चार वाडे पाहतात आणि नदी शेवटी छायाचित्रापुरती उरते. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न ‘कशाच्या पैशांतून’ असा असेल, तर हा क्रम उलटा करावा. गावात न शिरता महामार्ग ९५ ने आधी उत्तरेला दोन-तीन मैल जावे आणि सेंट क्रॉय बूम साइट या ठिकाणी थांबावे. हे ठिकाण राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, पण तिथे प्रत्यक्षात पाहण्यासारखे फार काही उरलेले नाही, हे आधीच सांगतो. रस्त्याकडेचा थांबा, माहितीफलक, खाली वाहणारी नदी आणि तिच्यातली बेटे, एवढेच आहे. तरीही टेकडीवरचा प्रत्येक वाडा इथूनच निघालेला आहे.

काम कसे चालत असे ते सांगतो, म्हणजे सासऱ्यांना फलक वाचून दाखवताना सोपे जाईल. वरच्या जंगलात झाडे हिवाळ्यात तोडली जात. बर्फाच्या वाटांवर रात्री पाणी शिंपडून त्या गुळगुळीत करीत आणि ओंडक्यांनी लादलेल्या घसरगाड्या घोड्यांकडून किंवा बैलांकडून नदीकाठापर्यंत ओढून नेत. वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की सगळ्या कंपन्यांचे ओंडके एकाच पाण्यात सोडले जात. पांढरा पाइन सरळ वाढतो, वजनाने हलका असतो आणि उत्तम तरंगतो, म्हणून हा सगळा धंदा त्याच्या जोरावर उभा राहिला. ओकसारखे जड लाकूड असे वाहून नेता आले नसते. आता एकाच नदीत शेकडो मालकांचा माल मिसळल्यावर कोणता ओंडका कोणाचा, हे ठरवायचे कसे? त्यासाठी प्रत्येक मालकाची नोंदवलेली खूण असे. सालीवर ती कुऱ्हाडीने कोरली जाई आणि ओंडक्याच्या टोकाला उठावाच्या हातोड्याने ठोकली जाई, म्हणजे तो पाण्यात कसाही फिरला तरी खूण दिसत असे.

बूम म्हणजे नदीच्या पात्रात साखळीने एकमेकांना जोडलेल्या ओंडक्यांचे तरंगते कुंपण. वरून आलेला माल त्यात अडवला जाई. पाण्यावर टाकलेल्या अरुंद फळ्यांवर उभे राहून कामगार लांब दांड्याच्या आकड्यांनी एकेक ओंडका ओढत, खूण पाहत आणि तो ज्याच्या त्याच्या कप्प्यात ढकलत. मग मोजणीदार माप घेत, ओंडक्यांचे तराफे बांधले जात आणि ते स्टिलवॉटरच्या गिरण्यांत किंवा मिसिसिपीमार्गे थेट आयोवा, इलिनॉय, मिसूरीपर्यंत जात. बूम कंपनी या मोजणी-वेचणीचे शुल्क घेत असे. ही जागा १८५६ पासून १९१४ पर्यंत चालली. नदी इथे अरुंद आहे, उंच काठ आहेत आणि बेटांमुळे पात्राचे आपोआप कप्पे पडतात, म्हणून ही जागा निवडली गेली. थांब्यावरून खाली पाहिले की ते लगेच लक्षात येते.

भटकभवानी
वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु शनिवार-रविवारी सप्टेंबरअखेरीस स्टिलवॉटरला जाणे म्हणजे पानगळीचे रंग पाहायला आलेल्या अर्ध्या मिनिआपोलिसच्या मागे रांगेत उभे राहणे होय. मेन स्ट्रीटवर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि दुपारी उपाहारगृहात बसायलाही ताटकळावे लागते. शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. वाड्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. बहुतेक खाजगी आहेत, काहींत मुक्कामाची महागडी सोय आहे आणि फुटपाथवरून दुसऱ्याच्या पडवीत डोकावत फिरणे मला अवघड वाटते.

पायवाट
भटकभवानी यांची अडचण खरी आहे, पण आतून पाहण्याजोग्या दोन वास्तू आहेत आणि दोन्ही पाहाव्यात. पहिली मेन स्ट्रीटच्या उत्तर टोकाचे वॉर्डन्स हाउस हे दगडी घर. १८५३ मध्ये मिनेसोटा हे राज्य होण्यापूर्वीच इथे तुरुंग उभा राहिला आणि त्याच्या अधीक्षकासाठी हे घर बांधले गेले. १९१४ पर्यंत अधीक्षक इथे राहत होते. नंतर १९४१ मध्ये वॉशिंग्टन काउंटीच्या इतिहास मंडळाने ते घेतले आणि तिथे संग्रहालय केले. लाकूडधंद्याची अवजारे पाहायची असतील तर तीही इथेच आहेत. दुसरी वास्तू दक्षिणेकडच्या टेकडीवरचे जुने न्यायालय. ऑगस्टस नाइट या वास्तुविशारदाने आखलेली ही इटालियन धाटणीची इमारत १८६७ ते १८७० या काळात बांधली गेली आणि मिनेसोटात उभ्या असलेल्या न्यायालयांत ती सर्वांत जुनी आहे. घुमट, कमानींची ओसरी आणि तिथून दिसणारी नदी या तीन गोष्टींसाठी तिथे जावे. गाडी थेट वर नेता येते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही.

आता खाजगी वाड्यांविषयी. ते सार्वजनिक रस्त्यावरून पाहण्यात गैर काही नाही. गावानेच त्यांचे नकाशे काढले आहेत आणि घरमालकांना त्याची सवय आहे. मात्र काय पाहायचे ते ठाऊक असले तर ते डोकावणे राहत नाही. धाटणीचा क्रम लक्षात घ्यावा. सुरुवातीला आलेले लाकूडवाले बहुतेक मेन राज्यातले होते, कारण तिथले पाइन संपत आले होते. त्यांनी आपल्याकडची साधी, पांढरी, ग्रीक मंदिराच्या दर्शनी भागासारखी घरे इथे आणली. त्यानंतर इटालियन धाटणी आली, मग आयव्हरी मकूसिक यांच्या १८६८ च्या घरासारखे दुहेरी उताराचे फ्रेंच छप्पर आले. आयव्हरी हे गावातली पहिली गिरणी १८४४ मध्ये काढणाऱ्या जॉन मकूसिक यांचे भाऊ. लाकूडसम्राटाच्या कुटुंबातले घर म्हणून अपेक्षा ठेवून गेलात तर ते अगदी बेताचे वाटेल, आणि मला ते त्यामुळेच आवडते. पैसा आला तरी पहिल्या पिढीला तो दाखवण्याची घाई नव्हती.

ती घाई नंतरच्या घरांत दिसते. आल्बर्ट लॅमर्स यांचे १८९३ चे क्वीन ॲन धाटणीचे घर सावकाश पाहावे. अशा घरांच्या पडवीजवळ उभे राहिले की खांबांवरची कातीव कडी, कठड्यांचे गोल गज, त्रिकोणी माथ्यावर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या फळ्या आणि कोपऱ्यातले छपराला टेकू देणारे नक्षीदार तीर वेगवेगळे दिसू लागतात. हे सगळे हातकाम असावे असे आपल्याला वाटते. वस्तुतः वाफेवर चालणाऱ्या कातयंत्रांमुळे आणि जाळीकाम करणाऱ्या करवतींमुळे ही नक्षी त्या काळी फुटावर विकली जात होती. ज्यांच्या गिरण्यांतून ती निघत होती, त्यांनीच आपल्या घरांवर ती सर्वांत जास्त लावली. धंद्याचा नमुना दारात टांगण्याचीच ही रीत आहे.

ओसरी
सुतारपक्षी आणि पायवाट, मनःपूर्वक आभार. सासऱ्यांना फोनवर दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांचा पहिला प्रश्न असा की माल मोजत कशात होते, कारण त्यांच्या वखारीत सगळा हिशेब घनफुटांत चाले. दुसरा प्रश्न माझा आहे. मेन स्ट्रीटवरून टेकडीवर जाणाऱ्या त्या उंच पायऱ्या टाळून वाडे पाहता येतील का? आणि सर्वांत बड्या लाकूडसम्राटाचे घर कोणते?

सुतारपक्षी
मोजणी बोर्ड फुटांत होई. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट, अर्थात बारा बोर्ड फुटांचा एक घनफूट. सासऱ्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो, बूम साइटवरून तिच्या साऱ्या आयुष्यात १,५०० कोटींहून अधिक बोर्ड फूट लाकूड गेले. त्यांच्या हिशेबात ते सव्वाशे कोटी घनफुटांच्या वर जाईल. १८९० हे सर्वांत भरभराटीचे वर्ष; त्या एका वर्षात ४५ कोटी बोर्ड फुटांच्या आसपास माल गेला. त्यानंतर उतरण लागली आणि १२ जून १९१४ रोजी शेवटचा ओंडका बूममधून पुढे गेला. चोवीस वर्षांत शिखरावरून शून्यावर. नदी आटली नव्हती, कामगार नव्हते असेही नाही. वरचे पाइनच संपले होते.

पायऱ्यांबद्दल: त्या पूर्णपणे टाळता येतात. मेन स्ट्रीटच्या पायऱ्या चढण्याऐवजी गाडीने वर जाऊन उत्तरेकडच्या टेकडीवर पायोनियर पार्कमध्ये थांबावे. बागेतून नदी, पूल आणि पलीकडचा विस्कॉन्सिनचा काठ एका दृष्टिक्षेपात येतो आणि बसायला बाकही आहेत. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. मेनहून आलेले आयझॅक स्टेपल्स हे इथले सर्वांत मोठे लाकूडसम्राट. गिरणी, जमिनी, शेती, बँक, सर्वत्र त्यांचा हात होता. त्यांचा वाडा याच बागेच्या जागी होता आणि आज त्याचा मागमूस नाही. थोडक्यात, सर्वांत बड्या माणसाचे घर पाहायला गेलात तर बाग पाहून याल.

त्याच टेकडीवर विल्यम सॉन्ट्री यांचे घर मात्र आहे. आयर्लंडमधून आलेला हा माणूस पुढे फ्रेडरिक वायरहाउझर या बड्या लाकूडव्यापाऱ्याच्या गटाबरोबर काम करू लागला आणि मोठा झाला. घराला लागूनच १९०२ मध्ये त्यांनी स्पेनमधल्या अल्हाम्ब्राच्या धर्तीवर एक करमणुकीची इमारत बांधली. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी, आत नाच आणि खेळांची सोय, अशी ती वास्तू मिनेसोटाच्या बर्फात पाहिली की क्षणभर विश्वास बसत नाही. ती आज खाजगी निवासस्थान आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहावी. सॉन्ट्री यांनी संपत्तीचा मोठा भाग गमावला आणि १९१४ मध्ये सेंट पॉलच्या एका हॉटेलात स्वतःचा अंत करून घेतला. बूम बंद पडले ते हेच वर्ष. वायरहाउझर यांनी मात्र १९०० मध्येच पश्चिमेकडे वॉशिंग्टन राज्यात रेल्वे कंपनीकडून नऊ लाख एकर जंगल विकत घेतले होते. इथले संपणार हे त्यांना वेळेवर कळले होते.

निवडुंग
धाग्यातली माहिती चांगली आहे, परंतु ‘लाकूडसम्राट’ हा सूर थोडा आवरावा असे वाटते. ज्या जंगलातून हे सारे आले, ते कोणाचे होते हा प्रश्न इतिहास-शिक्षिकेपुढे यायलाच हवा. १८३७ च्या जुलैत फोर्ट स्नेलिंग येथे ओजिब्वे लोकांबरोबर आणि सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन शहरात डकोटा लोकांबरोबर अमेरिकी सरकारने करार केले आणि सेंट क्रॉय खोऱ्यातील जमिनी घेतल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८३९ मध्ये, मरीन येथे मिनेसोटातील पहिली व्यापारी लाकूडगिरणी सुरू झाली. करारातला घाईचा भाग पाइनसाठीच होता, हे तारखांवरूनच समजते. ओजिब्वे लोकांनी मात्र त्या करारात शिकार, मासेमारी आणि वनउपज गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला होता, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क आजही कायम असल्याचा निकाल दिला. इतके जुने कलम इतक्या वर्षांनी उपयोगी पडल्याची उदाहरणे थोडी असतात.

दुसरी गोष्ट आगीची. तोड झाल्यावर फांद्या, शेंडे, साली हे सारे जंगलातच टाकून दिले जाई आणि उन्हाळ्यात वाळून पेटायला तयार असे. १ सप्टेंबर १८९४ रोजी हिंकली गाव आणि आसपासची वस्ती अशाच आगीत काही तासांत भस्मसात झाली. चारशेहून अधिक माणसे गेली. हिंकलीही सेंट क्रॉयच्याच खोऱ्यात आहे आणि तिथल्या जुन्या रेल्वे स्थानकात आज आगीचे संग्रहालय आहे. एका दिवसाच्या सहलीत ते बसणार नाही, परंतु डुलुथला जाताना महामार्ग ३५ वरून अवश्य थांबावे. वाड्यांवरच्या नक्षीची किंमत नुसत्या डॉलरांत मोजू नये, एवढेच माझे म्हणणे.

पायवाट
निवडुंग यांच्याशी सहमत आहे. करारांबद्दल संग्रहालयांत पूर्वी फारसे वाचायला मिळत नसे, आता मिळते. ‘मिनेसोटाचे जन्मस्थान’ या स्टिलवॉटरच्या बिरुदाबद्दलही थोडे सांगतो, कारण सासूबाई ते विचारतीलच. मे १८४८ मध्ये विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळाला आणि सेंट क्रॉयच्या पश्चिमेकडचा पट्टा कोणत्याच शासनाखाली उरला नाही. गिरण्या आणि जमिनी असलेल्या मंडळींना कायद्याची कागदपत्रे हवी होती. २६ ऑगस्ट १८४८ रोजी स्टिलवॉटरमध्ये ६१ प्रतिनिधी जमले आणि त्यांनी हेन्री सिब्ली यांना आपली बाजू मांडायला वॉशिंग्टनला पाठवले. पुढच्या वर्षी मिनेसोटा प्रदेश अस्तित्वात आला. सेंट पॉलला राजधानी, मिनिआपोलिसच्या बाजूला विद्यापीठ आणि स्टिलवॉटरला तुरुंग अशी वाटणी पुढाऱ्यांनी आपसांत करून घेतली, अशी गोष्ट गावात चवीने सांगितली जाते. खरेखोटे काहीही असो, तुरुंगाने गावाला बराच काळ रोजगार दिला.

त्या तुरुंगाची मूळ इमारत २००२ मध्ये जळून गेली. तिथे १८७६ च्या नॉर्थफील्ड बँक दरोड्यानंतर पकडलेले यंगर बंधू होते. बॉब १८८९ मध्ये आतच क्षयाने वारला आणि कोल व जिम १९०१ मध्ये सुटले. कैद्यांनी १८८७ मध्ये ‘प्रिझन मिरर’ नावाचे वृत्तपत्र सुरू केले, त्याच्या भांडवलात या भावांचाही वाटा होता. तुरुंग १९१४ मध्ये शेजारच्या बेपोर्टला गेला. १९१४ हे वर्ष या गावाच्या मागे हात धुऊन लागले होते असे दिसते.

भटकभवानी
वाडे झाले असतील तर आता मोकळ्या हवेकडे वळू या. स्टिलवॉटरचा उचलता येणारा जुना लोखंडी पूल १९३१ चा आहे. मधला गाळा वजनांच्या साहाय्याने सरळ वर उचलला जातो आणि खालून बोटी जातात. पूर्वी विस्कॉन्सिनला जाणारी सगळी वाहतूक याच अरुंद पुलावरून आणि म्हणून मेन स्ट्रीटवरून होई. पूल उचलला की गाड्यांची रांग टेकडीपर्यंत जाई. नवा पूल हवा की नको यावर कित्येक वर्षे वाद झाला, कारण नदी राष्ट्रीय निसर्गरम्य नद्यांच्या कायद्याने संरक्षित आहे. शेवटी २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसला खास सवलतीचा कायदा करावा लागला, ऑगस्ट २०१७ मध्ये दक्षिणेकडचा नवा पूल खुला झाला आणि जुना पूल २०२० पासून फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना दिला गेला.

सासऱ्यांसाठी माझा सल्ला असा की जुन्या पुलाच्या मध्यापर्यंत चालत जावे आणि परत यावे. सपाट आहे, कठड्याला टेकून उभे राहता येते आणि बोट आली तर पूल उचलला जाताना काठावरून पाहता येतो. दोन्ही पुलांना जोडणारी जवळपास पाच मैलांची फेरी आहे, पण पलीकडे विस्कॉन्सिनमध्ये चढ चांगलाच आहे. तरुण मंडळींनी ती सायकलवर करावी. गावाच्या उत्तरेकडून ब्राउन्स क्रीक स्टेट ट्रेल निघतो. जुन्या रेल्वेमार्गावर २०१४ मध्ये केलेली ही सुमारे सहा मैलांची डांबरी वाट ओढ्याच्या कडेने दाट सावलीतून वर चढते आणि पुढे गेटवे ट्रेलला मिळून सेंट पॉलपर्यंत जाते. ओढ्याचे पाणी इतके थंड असते की त्यात ट्राउट मासे राहतात. थोडे चालायचे असेल तर या वाटेचा नदीजवळचा भाग उत्तम. शेवटी नदीकाठच्या लोवेल पार्कात बसावे.

गोदातीर
उत्तरेकडच्या भागाबद्दल कोणीच लिहिलेले नाही म्हणून लिहितो. माझ्या मते दुसरा दिवस काढता येत असेल तर तो स्टिलवॉटरमध्ये घालवू नये, महामार्ग ९५ ने टेलर्स फॉल्सपर्यंत जावे. अंतर तीसेक मैल आहे आणि वाटेतले प्रत्येक ठिकाण याच धाग्याच्या विषयातले आहे.

पहिले मरीन ऑन सेंट क्रॉय. निवडुंग यांनी उल्लेख केलेल्या १८३९ च्या गिरणीचे दगडी अवशेष इथे झाडीत आहेत. गिरणी १८९५ मध्ये बंद पडली. हजारभरही वस्ती नसलेले हे गाव आहे आणि अवशेषांपर्यंतची वाट छोटी आहे. त्याच्या पुढे दोन मैलांवर विल्यम ओब्रायन स्टेट पार्क लागतो. ज्यांच्या नावाने हे उद्यान आहे तेही लाकूडवालेच. त्यांची कन्या ॲलिस यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १९४५ मध्ये १८० एकर जमीन राज्याला दिली आणि १९४७ मध्ये उद्यान झाले. पाइन तोडून झाल्यानंतर मालकाच्या कुटुंबाकडे उरलेल्या जमिनीवर आज पुन्हा रान माजले आहे. नदीकाठची पायवाट सपाट आहे, त्यामुळे सासऱ्यांना जमेल.

टेलर्स फॉल्सला दोन गोष्टी. गावाच्या वरच्या अंगाला एंजल हिल नावाची पांढऱ्या घरांची वस्ती आहे आणि तिथे फोल्सम हाउस आहे. डब्ल्यू. एच. सी. फोल्सम हे मेनहून आलेले लाकूडवाले आणि आमदार. १८५४-५५ मध्ये बांधलेल्या या घरात कुटुंबाच्याच वस्तू जागच्या जागी आहेत. स्टिलवॉटरच्या कोणत्याही वाड्यापेक्षा मला हे घर जास्त आवडते, कारण इथे सजावट नाही, वावर दिसतो. पायवाट यांनी सांगितलेली पहिल्या पिढीची साधी पांढरी धाटणी पाहायची असेल तर ती इथे पाहावी.

दुसरी गोष्ट इंटरस्टेट स्टेट पार्क. सांगली-पुण्याकडच्या माणसाने ज्या कारणासाठी निघोजला जावे, त्याच कारणासाठी इथे यावे: रांजणखळगे. निघोजला कुकडी नदीने आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये खळगे कोरले आहेत. इथेही खडक बेसाल्टच आहे, फक्त वयाने फार थोरला, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनचा साडेसहा कोटींच्या आसपासचा. फरक पाण्याच्या ताकदीतही आहे. हिमयुगाच्या शेवटी, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, आजच्या लेक सुपीरियरच्या जागी असलेल्या हिमसरोवराचे पाणी या दरीतून धो-धो निघाले आणि भोवऱ्यांत सापडलेल्या गोट्यांनी खडक घुसळून काढला. त्यामुळे इथले खळगे निघोजपेक्षा कितीतरी खोल आहेत. एकाची खोली ६० फूट आहे. काठावर उभे राहून आत पाहिले तर घोटून गुळगुळीत केलेल्या भिंतींवर शेवाळ दिसते आणि तळाचा थांग लागत नाही. फेरी लहान आहे, पण काही ठिकाणी दगडी पायऱ्या आणि ओला खडक आहे, म्हणून काठी बरोबर असू द्यावी.

याच अरुंद दरीत १८८६ मध्ये ओंडक्यांची प्रचंड कोंडी झाली होती. सुमारे १५ कोटी बोर्ड फूट लाकूड खडकांमध्ये अडकले आणि ते सोडवायला दोनशेच्या आसपास माणसे, बोटी आणि डायनामाइट लावूनही दीडेक महिना गेला. कोंडी पाहायला शहरांतून खास रेल्वेगाड्या भरून लोक येत. पुन्हा असे होऊ नये म्हणून १८९० मध्ये वरच्या अंगाला नेव्हर्स धरण बांधले आणि पाण्याबरोबर ओंडकेही मोजून-मापून सोडायला सुरुवात झाली. सध्या नदी इतकी शांत दिसते की कड्यावरून खाली पाहताना हे डोळ्यांसमोर आणायला प्रयत्न करावा लागतो.

निवडुंग
गोदातीर यांच्या प्रतिसादात एक भर. १८९५ मध्ये हे उद्यान झाले तेव्हा वर पाइनची तोड ऐन भरात होती, पण खडक फोडून खडी करण्याचाही बेत होता आणि तो अडवण्यासाठी दोन राज्यांनी मिळून दोन्ही काठ राखण्याचे ठरवले. अमेरिकेतील हे पहिले दोन राज्यांचे उद्यान. निसर्गरम्य नद्यांच्या १९६८ च्या कायद्यात ज्या पहिल्या आठ नद्या संरक्षित झाल्या, त्यांत सेंट क्रॉयचा वरचा भाग होता. विस्कॉन्सिनचे गेलॉर्ड नेल्सन आणि मिनेसोटाचे वॉल्टर मॉन्डेल या दोन सिनेटरांनी तो प्रश्न लावून धरला. स्टिलवॉटरजवळचा खालचा भाग १९७२ मध्ये त्यात आला.

ओसरी
सर्वांचे आभार. दोन दिवस काढायचे ठरले आहे. पहिला दिवस, बुधवार: बूम साइट, वॉर्डन्स हाउस, जेवण, गाडीने न्यायालय आणि उत्तरेकडच्या टेकडीवरचे वाडे, संध्याकाळी जुना पूल. दुसरा दिवस: मरीन, ओब्रायन पार्क, फोल्सम हाउस, रांजणखळगे. सासऱ्यांनी ओंडक्यांच्या खुणा पाहायच्याच असे बजावले आहे. त्या नेमक्या कुठे पाहायला मिळतील? आणि आम्ही शाकाहारी आहोत, तर दुसऱ्या दिवशी जेवणाचे काय करावे?

सुतारपक्षी
खुणांसाठी वॉर्डन्स हाउसमध्ये चौकशी करावी. तिथले स्वयंसेवक उत्साहाने बोलतात आणि वखारवाला पाहुणा आला म्हटल्यावर कपाटे उघडून दाखवतील. मात्र वॉर्डन्स हाउस आणि फोल्सम हाउस ही दोन्ही वर्षभर उघडी नसतात आणि हंगामातही ठरावीक वारीच उघडतात. बुधवारचा बेत पक्का करण्यापूर्वी दोघांना फोन करा. गरज पडली तर दोन्ही दिवसांची अदलाबदल करता येईल.

भटकभवानी
दुसऱ्या दिवशी डबा बांधून न्यावा. टेलर्स फॉल्सला शाकाहारी माणसाच्या वाट्याला तळलेले बटाटे आणि चीज याखेरीज फारसे येत नाही. ओब्रायन पार्कात नदीकाठी टेबले आहेत, तिथे थालीपीठ आणि दही घेऊन बसावे. गाडीसाठी मिनेसोटाच्या स्टेट पार्कचा दिवसभराचा परवाना घेतला की तोच ओब्रायन आणि इंटरस्टेट या दोन्हींकडे चालतो. पूल ओलांडून विस्कॉन्सिनच्या बाजूच्या इंटरस्टेट पार्कात जायचे असल्यास तिथला परवाना वेगळा घ्यावा लागतो, पण खळग्यांची फेरी मिनेसोटाच्या बाजूला आहे, त्यामुळे तुम्हाला त्याची गरज पडू नये.